तबकडीतली खरखर

पुण्यात कुंभारवेशीजवळ, मंगळवार पेठेत, दर बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. रस्त्याच्या कडेला ताडपत्र्या अंथरलेल्या असतात आणि त्यांवर कुणाकुणाच्या संसारातून बाहेर पडलेल्या वस्तू मांडलेल्या असतात : पितळी समया, बंद पडलेली घड्याळे, पान्हे आणि पकडी, खलबत्ते, किल्ल्यांशिवायची कुलपे आणि कुलपांशिवायच्या किल्ल्या. या बाजारात बसणारे काही विक्रेते माझ्या दवाखान्यात येतात. त्यांच्या कंबरा आणि गुडघे माझ्या चांगल्या परिचयाचे आहेत. परंतु गेल्या हिवाळ्यापर्यंत मी स्वतः तेथे गिऱ्हाईक म्हणून कधी गेलो नव्हतो.

जाण्याचे निमित्त माझ्या थोरल्या मुलीने घडवून आणले. दिवाळीच्या साफसफाईत तिने माळ्यावरून अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, जुना रेकॉर्ड प्लेयर खाली काढला. पेटीसारखा बंद होणारा, चार वेगांचा. रबरी पट्टा सुकून तुटला होता. तो एका कारागिराने बसवून दिला. सुई मात्र आश्चर्यकारकरीत्या शाबूत होती. पेटीसोबत दहा-बारा लाँग प्ले रेकॉर्डही निघाल्या, पण त्यांत अण्णांना हवी असलेली नव्हती. माझी आई दिवेलागणीला 'कुलवधू' नाटकातले एक पद गुणगुणत असे. १९४२ सालचे हे नाटक, मो. ग. रांगणेकरांचे लेखन, मास्टर कृष्णरावांचे संगीत आणि ज्योत्स्ना भोळे यांचे गाणे. आईच्या माहेरी त्या पदाची ७८ गतीची तबकडी होती आणि लग्नानंतर ती आमच्या घरी आली होती. कुठल्याशा घर-बदलात ती फुटली. आई जाऊन तेव्हा दीड वर्ष झाले होते.

मुलगी म्हणाली, "बाबा, आजोबांसाठी ती शोधू या ना. मोबाइलवर गाणं आहे, पण ते म्हणतात, ते नको."

अण्णांना ८४ वे वर्ष चालू होते आणि आईच्या पश्चात ते फार शांत झाले होते. जेवणाच्या टेबलावर चार जण बोलत असताना ते ताटाकडे पाहून जेवत. पूर्वी संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर मित्रमंडळींत बसत, तेही त्यांनी सोडले होते. सांगितलेले विसरत. "अण्णा, आज बँकेत जायचंय" असे सकाळी सांगावे, तर दहा वाजता ते लुंगीवरच वर्तमानपत्र वाचत बसलेले असत. तीस वर्षे वैद्यकीय व्यवसाय केलेल्या माणसाला अशा लक्षणांचा अर्थ लावायला वेळ लागत नाही, आणि तोच खरा धोका असतो. मी मनाशी दोन निदाने करून ठेवली होती : एक शोक, आणि दुसरे, उच्चारायलाही नको वाटणारे, स्मृतिभ्रंशाची सुरुवात. पहिल्यासाठी मनोविकारतज्ज्ञ असलेल्या स्नेह्याशी बोलून एक गोळी सुरू केली होती. दुसऱ्यासाठी मी थांबलो होतो. दुसऱ्या कुणाचे वडील असते तर थांबलो नसतो.

तर अशा परिस्थितीत डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही पाच जण जुन्या बाजारात गेलो : अण्णा, मी, पत्नी, थोरली आणि नववीतला धाकटा.

ज्येष्ठांना घेऊन अशा ठिकाणी जाण्यापूर्वी काही तयारी करावी लागते. ती मी रुग्णांना सांगत असतो आणि या वेळी स्वतः केली. सकाळी साडेनऊला पोहोचलो, कारण अकरानंतर गर्दी आणि ऊन दोन्ही चढतात. अण्णांना मधुमेह आहे. त्यामुळे न्याहारी आणि गोळ्या वेळेवर झाल्या आणि पिशवीत फुटाणे, पाणी आणि साखरेची पुडी होती. घडीचे एक हलके स्टूल बरोबर घेतले. बाजारात सगळा माल जमिनीवर असतो. तो पाहण्यासाठी उकिडवे बसून पुन्हा उठणे हे झिजलेल्या गुडघ्यांना आणि उठताना रक्तदाब एकदम उतरणाऱ्यांना त्रासाचे असते. स्टुलावर बसून माल हाती मागवावा. विक्रेते आजोबांना ना म्हणत नाहीत, हे मी अनुभवाने सांगतो. जवळपास स्वच्छतागृह कोठे आहे हेही आधी पाहून ठेवले. प्रोस्टेटचा त्रास असलेले अनेक गृहस्थ केवळ या एका चिंतेने घराबाहेर पडणे बंद करतात आणि घरच्यांना त्याचे कारण कधीच कळत नाही.

धाकट्याला दम्याची प्रवृत्ती आहे, म्हणून त्याला मुखपट्टी लावायला लावली. जुन्या रेकॉर्डची पुठ्ठ्याची वेष्टणे पावसाळ्यांमागून पावसाळे ओल खाऊन आलेली असतात. त्यांवरची काळी-हिरवी भुकटी ही बुरशी असते आणि एक गठ्ठा चाळला की ती नाकातोंडात जाते. ज्यांना दमा किंवा ॲलर्जीची सर्दी आहे त्यांनी मुखपट्टी लावावी, घरी आणलेली वेष्टणे आधी गॅलरीत उन्हाच्या उजेडात झटकावीत (तबकडी बाहेर काढून, कारण उन्हात ती वाकते) आणि हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये. गंजलेल्या पत्र्याने किंवा खिळ्याने हात कापला तर जखम साबण-पाण्याने धुऊन धनुर्वाताच्या लशीची चौकशी करावी. वर्षातून दोन-तीन माणसे माझ्याकडे याच बाजारातून याच कारणासाठी येतात.

रेकॉर्डचा ढीग आम्हाला तिसऱ्या ताडपत्रीवर सापडला. एका मिक्सरच्या भांड्याशेजारी आणि हातभर उंचीच्या संगमरवरी पुतळ्याच्या आडोशाला. मुलांना आधी ७८ गती आणि लाँग प्ले यांतला फरक समजावून द्यावा लागला, आणि तेथे अण्णांनी सूत्रे हाती घेतली. कित्येक महिन्यांत ते इतके सलग बोलले नव्हते.

७८ गतीची तबकडी लाखेची असते. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर वाढणारा लाखेचा किडा जो राळेसारखा पदार्थ तयार करतो, तो दगडाच्या भुकटीत आणि काजळीत मिसळून ती घडवत. म्हणून ती जड असते आणि हातातून पडली की पाटीसारखी फुटते. एका बाजूला साधारण तीन-सव्वातीन मिनिटांचे गाणे. जो गवई मैफलीत एक राग तासभर मांडायचा, त्याने तो या तीन मिनिटांत बसवायला शिकून घेतले. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांनी पहिली ध्वनिमुद्रणे केली तेव्हा गाण्याच्या शेवटी त्या इंग्रजीत स्वतःचे नाव उच्चारत. कारण तबकड्या दाबण्यासाठी मुद्रणे जर्मनीतल्या हॅनोव्हरला जात आणि तेथल्या कारागिरांना कोणते गाणे कुणाचे हे कळायला दुसरा मार्ग नव्हता. १९०८ पासून कोलकात्याच्या सियालदह भागातच कारखाना सुरू झाला. लाँग प्ले रेकॉर्ड १९४८ साली अमेरिकेत आली. ती व्हायनलची, मिनिटाला ३३ पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेणारी आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटे वाजणारी. आपल्याकडे मात्र लाखेच्या तबकड्या साठच्या दशकाच्या अखेरपर्यंत निघत राहिल्या. खेड्यापाड्यांत चावीचे ग्रामोफोन होते, आणि वीज नसलेल्या घराला नव्या यंत्राचा काय उपयोग?

धाकट्याने मध्येच विचारले, "आजोबा, म्हणजे किड्यातून गाणं यायचं?" अण्णा त्याच्याकडे पाहून नुसते हसले. मला वाटले, त्यांना उत्तर द्यायचे नसावे. हा प्रसंग मी नंतर अनेकदा आठवला आहे.

त्या दिवशी ती तबकडी मिळाली नाही. दुसऱ्या रविवारीही नाही. परंतु चांगली रेकॉर्ड पारखायची कशी, हे घरातल्या सर्वांना आले. तबकडी वेष्टनातून काढून कडेने धरावी. खोबणींवर बोटे टेकवू नयेत, घामाचा चिकटा धूळ धरून ठेवतो. ती उजेडाकडे तिरपी करावी. वरवरचे केसासारखे चरे फारसे वाजत नाहीत. नखाला लागणारा चरा मात्र हमखास वाजतो. डोळ्यांच्या पातळीत आडवी धरून पाहिली की वाकली आहे का ते कळते. मधल्या छिद्राभोवती लेबलावर बारीक रेघांचे जाळे असेल तर ती पुष्कळ वाजलेली आहे असे समजावे, कारण दांडा अंदाजाने शोधताना पडलेल्या त्या रेघा असतात. वेष्टन एकाचे आणि आत तबकडी दुसऱ्याची, हा प्रकार तर सर्रास आढळतो. गाण्याचे नाव लेबलावरच वाचावे.

धुण्याच्या बाबतीत घरोघरी एक चूक होते. व्हायनलची रेकॉर्ड डिस्टिल्ड वॉटर आणि थेंबभर सौम्य साबण यांनी, मऊ कापडाने, खोबणीच्या दिशेने पुसावी. दवाखान्यातले स्पिरिट किंवा हातावर चोळायचे सॅनिटायझर लाखेच्या तबकडीला कधीही लावू नये. लाख त्यात विरघळते. माझ्या घरात स्पिरिटच्या बाटल्यांना तोटा नाही आणि मी एका कोपऱ्यावर प्रयोग करून बसलो. अण्णा काही बोलले नाहीत. फक्त ती तबकडी माझ्या हातातून काढून घेतली.

आणखी एक गोष्ट वजनाची. एक रेकॉर्ड हातात हलकी वाटते, पण वेष्टनासह पंचवीस-तीस रेकॉर्डची पिशवी सहज पाच-सहा किलो होते. ती एका हाताने, कंबरेत वाकून, ताडपत्रीवरून झटक्यात उचलू नये. दोन पिशव्यांत वाटून दोन्ही हातांत घ्यावी आणि गुडघ्यांत वाकून उचलावी. हौसेच्या भरात माणसे हे विसरतात आणि सोमवारी आमच्या बाकावर येऊन बसतात.

तिसऱ्या रविवारी ती सापडली. खरे म्हणजे आम्हाला नव्हे, विक्रेत्याला. पहिल्या रविवारी अण्णांनी काय हवे ते सांगून ठेवले होते आणि त्याने कुठल्याशा वाड्यातून आलेल्या गठ्ठ्यात ती बाजूला काढली होती. "आजोबा, ही बघा. पण तडकलेली आहे बरं का, आधीच सांगतो," असे म्हणून त्याने ती अण्णांच्या मांडीवर ठेवली. कडेपासून लेबलापर्यंत केसासारखी एक तड गेली होती, पण तुकडे सुटले नव्हते. दीडशे रुपये म्हणाला; अण्णांनी घासाघीस केली नाही. दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून, रिक्षात मांडीवर धरून, त्यांनी ती घरी आणली.

त्या संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर आम्ही सारे दिवाणखान्यात बसलो. ७८ गतीच्या तबकडीची खोबण लाँग प्लेपेक्षा कितीतरी रुंद असते आणि तिला जाड टोकाची वेगळी सुई लागते. लाँग प्लेची बारीक सुई त्या खोबणीच्या तळाशी लोळते. आवाजही वाईट येतो आणि दोहोंचेही नुकसान होते. जुन्या यंत्रांत सुई फिरवण्याची एक छोटी कळ असे. अण्णांनी ती फिरवली, गतीचा काटा ७८ वर नेला आणि सुई टेकवली.

सुरुवातीला पाऊस पडावा तशी खरखर आली आणि तिच्यातून गाणे वर आले. प्रत्येक फेऱ्याला तडीवरून जाताना सुई 'टक' करत होती. मिनिटाला ७८ वेळा. सवयीने माझा हात मनगटावर गेला, कारण निरोगी माणसाची विसाव्यातली नाडी साधारण याच गतीने चालते.

थोरली म्हणाली, "आजोबा, गाणं छान आहे, पण किती खरखरतंय हो! जवळजवळ गाण्याइतकीच खरखर आहे."

अण्णा तिच्या तोंडाकडे पाहत होते. तिने पुन्हा सांगितले. तेव्हा ते म्हणाले, "खरखर? कुठली खरखर? ते टकटक होतंय तेवढंच. बाकी आवाज किती स्वच्छ आहे. तुझी आजी असायला हवी होती."

पत्नीला वाटले, ते प्रेमाने तसे म्हणत आहेत. मुलांनाही तसेच वाटले असावे. मी मात्र खुर्चीत सरळ होऊन बसलो. तडीचा 'टक' हा ठोका आहे. त्यात खालच्या पट्टीचा आवाज पुष्कळ असतो. लाखेच्या घर्षणाची खरखर हा मुख्यतः वरच्या पट्टीतला आवाज. आणि गायिकेचा स्वर या दोहोंच्या मध्ये, कानाला सर्वांत सोप्या जागी बसलेला. ज्याला ठोका ऐकू येतो, स्वर ऐकू येतो आणि खरखर मुळीच येत नाही, त्याच्या श्रवणाचा आलेख मला न काढताही दिसत होता. विद्यार्थी असताना तो परीक्षेच्या कागदावर काढून मी गुणही मिळवले होते.

गाणे संपल्यावर मी त्यांच्या मागे, एक हात लांब उभा राहिलो, त्यांच्या एका कानाच्या तोंडाशी बोट हलके दाबून फिरवत राहिलो आणि दुसऱ्या कानामागून कुजबुजत्या आवाजात आकडे म्हटले : सात, तीन, आठ. ते गप्प. पुन्हा म्हटले. त्यांनी विचारले, "तू मागे उभा राहून काय करतोयस?" दुसऱ्या बाजूनेही तसेच. ही चाचणी करायला कसलेही यंत्र लागत नाही, एक मिनिट लागते, आणि ती मी त्यांच्यावर एकदाही केली नव्हती.

वयोमानाने येणारा बहिरेपणा खालून वर नव्हे, वरून खाली येतो. आतल्या कानात शंखासारखी एक नळी असते आणि तिच्यात अतिसूक्ष्म केशपेशींच्या रांगा असतात. वरच्या पट्टीचे ध्वनी टिपणाऱ्या पेशी या नळीच्या अगदी प्रवेशाजवळ असतात. त्या आधी झिजतात आणि पुन्हा उगवत नाहीत. मराठीतले स्वर, म्हणजे अ, आ, ओ, हे खालच्या पट्टीत असतात आणि त्यांत आवाजाचा जोर असतो. स, श, फ, थ यांसारख्या व्यंजनांत जोर कमी आणि पट्टी वरची. शब्दाला शब्दपण देतात ती व्यंजने. म्हणून अशा माणसाला आवाज येतो, पण शब्द कळत नाही. 'सात' आणि 'आठ', 'शाळा' आणि 'काळा' त्याला सारखेच. समोर बसून एकट्याशी बोलले तर ओठ पाहून, संदर्भ जुळवून तो उत्तर देतो. चार जण एकदम बोलू लागले, कुकरची शिट्टी झाली, टीव्ही चालू असला, की सारे एकमेकांत मिसळते. मग तो दोन-तीनदा "काय?" असे विचारतो, आणि कपाळाला आठी घातलेले उत्तर मिळाले की विचारणे सोडतो. ताटाकडे पाहून जेवू लागतो.

सकाळी सांगितलेली बँक ते विसरत नव्हते. ती त्यांना कळलेलीच नसे. बाकावरच्या मित्रांत रस्त्यावरच्या वाहनांमुळे काही समजत नव्हते, म्हणून ते जाईनासे झाले होते. आणि पहिल्या रविवारी धाकट्याने किड्याबद्दल मुखपट्टीआडून विचारले होते, तेव्हा त्यांना ओठही दिसले नव्हते.

मग गाणे त्यांना एवढे स्वच्छ का वाटले? विसाव्या शतकाच्या पहिल्या पाव भागात कर्ण्यासमोर गाऊन जी मुद्रणे होत, त्यांत अगदी वरच्या पट्टीचे ध्वनी उमटतच नसत. १९२५ च्या सुमारास मायक्रोफोन आणि विद्युत मुद्रण आले तेव्हा कक्षा वाढली, तरी आजच्या ध्वनिमुद्रणाच्या मानाने ती मर्यादितच राहिली. म्हणजे त्या तबकडीत जे आहे ते बहुतेक सारे म्हाताऱ्या कानाला अजून पोहोचणाऱ्या भागातले आहे. आणि जे पोहोचत नाही, ती व्यंजने, त्यांना ऐकण्याची गरज नव्हती. ते पद त्यांना पाठ होते. तरुणपणी ऐकलेले संगीत स्मृतीत फार खोल रुजते. नावे विसरलेले वृद्धही चाल विसरत नाहीत, हे आम्ही डॉक्टर नेहमी पाहतो.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात त्यांचे कान पाहिले. उजव्या कानात मळाचा खडा होता. थेंब घालून तीन-चार दिवसांनी काढला. हे पहिले पाऊल कधीही वगळू नये, कारण काही माणसांचा 'बहिरेपणा' एवढ्यानेच जातो. मात्र घरी पिन, काडी किंवा कापसाचा बोळा घालून खडा काढू नये आणि गरम तेलही ओतू नये. अण्णांचा काही तेवढ्याने गेला नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे नेले, श्रवणालेख काढला. दोन्ही कानांत खालची पट्टी बऱ्यापैकी, आणि दोन हजार हर्ट्झनंतर रेषा जिना उतरावी तशी खाली गेलेली. दोन्ही कान सारखे असणे हे त्यातल्या त्यात बरे लक्षण. ज्यांना एकाच कानाने कमी ऐकू येते, कानातून स्राव येतो किंवा सोबत गरगरते, त्यांनी ते वयावर ढकलू नये. आणि ऐकू येणे अचानक, एक-दोन दिवसांत गेले, तर ती तातडीची अवस्था समजून त्याच दिवशी तज्ज्ञांकडे जावे. त्यात उपचारांना मिळणारा अवधी थोडा असतो.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञ आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या ज्या कारणांवर काही उपाय करता येतो अशांची यादी दिली आहे. २०२४ च्या अहवालात ती १४ आहेत आणि श्रवणदोष त्यांपैकी एक आहे. कान गेला म्हणजे बुद्धी जातेच असे नव्हे, आणि श्रवणयंत्र लावले म्हणजे स्मृती राहीलच अशी हमीही कुणी देऊ शकत नाही. पण ज्या वृद्धाची स्मृती ढासळते आहे असे वाटते, त्याचे कान तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये, एवढे मी आता रुग्णांच्या नातेवाइकांना ठामपणे सांगतो. स्वतःच्या घरात ते मला सुचले नव्हते, हेही सांगतो. ऐकून ते जरा सैल होतात.

श्रवणयंत्रे आली. पहिले दोन आठवडे वाईट गेले, आणि त्याची पूर्वकल्पना कुटुंबाने ठेवावी, नाहीतर महागडी यंत्रे कपाटात जाऊन पडतात. ज्या मेंदूने कित्येक वर्षे वरच्या पट्टीचे आवाज ऐकलेले नसतात, त्याच्यावर ताटवाट्या, फोडणीची चुरचुर, वर्तमानपत्राचे पान उलटणे हे सारे एकदम कोसळते. अण्णा यंत्रे काढून खिशात ठेवू लागले. मग आम्ही ठरवले : पहिल्या आठवड्यात दिवसातून दोन तास, तेही शांत खोलीत आणि एकाच माणसाशी बोलताना, पुढे हळूहळू वाढवायचे. तंत्रज्ञाकडे तीन फेऱ्या मारून आवाज जुळवून घेतला. आमच्याही सवयी बदलाव्या लागल्या. स्वयंपाकघरातून ओरडून सांगायचे नाही; समोर यायचे, तोंडावर उजेड पडेल असे बसायचे. आवाज चढवायचा नाही, कारण ओरडले की स्वरच मोठे होतात आणि व्यंजने तेथेच राहतात. एकदा कळले नाही तर तेच वाक्य पुन्हा म्हणण्याऐवजी वेगळ्या शब्दांत सांगायचे. जेवताना टीव्ही बंद. हा शेवटचा नियम पाळणे धाकट्याला सर्वांत जड गेले. मलाही, कारण क्रिकेट.

गोळी मी लगेच बंद केली नाही. अशा गोळ्या एकदम थांबवायच्या नसतात. तीन महिन्यांनी, स्नेह्याच्या सल्ल्याने, हळूहळू कमी केली. आईचे नसणे कोणत्या यंत्राने भरून येणार? ते अजूनही संध्याकाळी गप्प होतात. फरक एवढाच की ती शांतता आता त्यांची स्वतःची असते.

मुलांच्या कानांचाही विचार करायचा तर त्याच पेटीचे उदाहरण देतो. तिचा आवाज खोलीभर पसरतो आणि बारा-पंधरा मिनिटांनी कुणाला तरी उठून बाजू उलटावी लागते. धाकट्याच्या कानात तासन्‌तास रुतून बसणाऱ्या बोंड्या तशी उसंत देत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ही मर्यादा आहे आणि मुलांसाठी ७५ डेसिबल. बहुतेक मोबाइलमध्ये आता ही मोजणी दिसते. त्याने ती मला एकदा दाखवली आणि आकडा पाहून स्वतःच आवाज खाली केला.

फेब्रुवारीच्या अखेरीस एका संध्याकाळी अण्णांनी पुन्हा तीच तबकडी लावली. या वेळी यंत्रे कानांत होती. सुई टेकली, आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी मान तिरकी करून ऐकले, मग थोरलीकडे वळून म्हणाले, "अगं, ही तर भयंकर खरखरते आहे! तुम्ही कुणी मला बोलला नाहीत?"

"आजोबा, मी सांगितलं होतं."

"मग ही चालणार नाही. चांगली प्रत बघायला हवी. परवा बुधवार आहे ना?"

बुधवारी दवाखाना असतो, असे मी म्हणालो. त्यांनी ते नीट ऐकले, आणि शेजारच्या बाकावरच्या दोघा मित्रांना घेऊन, घडीचे स्टूल काखेत मारून, रिक्षाने गेले.